छोट्या हृदयांचे डॉक्टर

"मेकॅनिकलच्या मुलीने हृदयाच्या डॉक्टरांवर लेख? मग मेडिकल कॉलेजवाल्यांनी काय गिअरबॉक्सवर लिहायचं?" असा प्रश्न आमच्या संपादक मंडळातल्या एका महाशयांनी विचारला. उत्तर सोपं आहे. एक पंप, चार कप्पे, चार व्हॉल्व्ह, दोन सर्किट्स आणि चोवीस तास चालू राहणारं मशीन, तेही मेंटेनन्ससाठी एक मिनिटसुद्धा शटडाऊन न घेता. याहून जास्त मेकॅनिकल विषय कुठला असणार? आणि हे मशीन जेव्हा अक्रोडाएवढं असतं, जन्मतःच त्याच्या बांधणीत काही राहून गेलेलं असतं, तेव्हा ते दुरुस्त करणारी माणसं कोण आणि ती काम कसं करतात, हे आपल्याला माहीत असायलाच हवं. विशेषतः पनवेलमध्ये राहणाऱ्यांना. कारण नंतर सांगते.

आधी शब्दांचं बघू. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे हृदयाचे मराठी शब्द मला माझ्या माणगावच्या रूममेटने शिकवले. वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन म्हणजे जवनिका. उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू शुद्ध रक्त सगळ्या शरीराला. मध्ये एक पडदा असतो. फुप्फुसं जवळ आणि मऊ, म्हणून उजव्या बाजूला कमी दाब पुरतो. डाव्या बाजूला मात्र डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त ढकलायचं असतं, म्हणून तिकडचा दाब चार-पाच पट जास्त. पुढचं सगळं समजायला एवढं पुरे.

पडद्यातलं भोक

गर्भात हृदयाची घडण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक पूर्ण होते. म्हणजे काही वेळा आईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आतच हे काम उरकत आलेलं असतं. एवढ्या घाईत एका सरळ नळीला वळसे पडून चार कप्पे तयार होतात. त्यात कधीकधी काहीतरी अपुरं राहतं. जगभरात दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात अशी बाळं वर्षाला सुमारे दोन लाख किंवा त्याहून जास्त जन्मतात, असा अंदाज आहे.

सगळ्यात नेहमीचा दोष म्हणजे दोन जवनिकांमधल्या पडद्याला भोक. दाब डावीकडे जास्त, म्हणून रक्त भोकातून डावीकडून उजवीकडे जातं. शरीराकडे जायचं रक्त परत फुप्फुसात शिरतं. फुप्फुसं ओली आणि जड होतात. पंप दुप्पट राबतो आणि गिऱ्हाइकाला माल मात्र कमी पोचतो! अशा बाळाची लक्षणं लक्षात ठेवा: दूध पिताना दम लागतो, दोन घोट पिऊन थांबतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही आणि न्यूमोनिया पुन्हापुन्हा होतो.

दुसरा प्रकार निळ्या बाळांचा. १८८८ मध्ये मार्सेय शहरातल्या फालो नावाच्या डॉक्टरने चार दोष एकत्र असलेला आजार नीट मांडला. त्यात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, पडद्याला भोक असतं, आणि अशुद्ध रक्त तसंच शरीरात जातं. बाळ रडलं की ओठ, नखं निळी पडतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे असं मूल जन्मलं की घरात पहिला प्रश्न आईला विचारतात: ग्रहणात काही चिरलंस का? सुरी हातात घेतलीस का? मित्रमैत्रिणींनो, ग्रहणाचा हृदयाच्या पडद्याशी काडीचाही संबंध नाही. बहुतेक वेळा एकच एक कारण दाखवता येत नाही. काही गोष्टींनी धोका वाढतो हे मात्र माहीत आहे: सुरुवातीच्या महिन्यांत आईला झालेला रुबेला, ताब्यात नसलेला मधुमेह, काही औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम झाली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी दंड चोळत ती घेतली असेल. त्या टोचणीत उद्याच्या बाळांचं हृदयही सांभाळलं गेलं, हे तेव्हा कुणी आपल्याला सांगितलं नव्हतं.

मावशींचा कागद

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या एक मावशी आहेत. पेणजवळच्या गावातल्या. गेल्या वर्षी त्यांची नात पाच महिन्यांची होती आणि तिला सतत सर्दी-खोकला. गावाजवळच्या दवाखान्यात दोनदा औषध दिलं, "बाळ अशक्त आहे, मोठी झाली की सुधारेल" असं सांगितलं. नंतर अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि लगेच म्हणाल्या, "हिच्या हृदयाचा इको करा."

इकोचा रिपोर्ट मावशींनी माझ्याकडे आणला. "तू इंग्लिश शाळेतली ना ग, वाच जरा." त्यात भोकाचं माप होतं आणि पुढे एक ओळ: भोकातून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २ मीटर, दाबातला फरक १६. मावशींनी विचारलं, "सोळा म्हणजे कमीच ना? मग बरंय ना?"

आता इथे आपलं सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स कामाला येतं. बर्नुलीचं समीकरण आठवा. दाबातला फरक म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. रक्ताची घनता घनमीटरला साधारण १०६० किलो. अर्धा केला की ५३०. उत्तर पास्कलमध्ये येतं, डॉक्टरांना हवं मिलिमीटर पाऱ्यात, म्हणून १३३ने भागा. आले जवळजवळ ४. म्हणजे सूत्र झालं: दाबातला फरक = ४ × वेग × वेग. जगभरच्या इको मशीनमध्ये हेच चाराचं सूत्र बसवलेलं आहे. १९७० च्या दशकात नॉर्वेमध्ये डॉक्टर लिव्ह हाटले आणि इंजिनिअर ब्यॉर्न आंगेलसेन यांच्यासारख्या लोकांनी डॉप्लर तंत्राची ही पद्धत रुळवली. त्याआधी हृदयातला दाब मोजायचा तर रक्तवाहिनीतून आत नळी घालावी लागे.

मावशींचे आकडे घाला: ४ × २ × २ = १६. बाळाच्या डाव्या जवनिकेतला दाब ९० धरला, तर उजवीकडचा दाब झाला ९० वजा १६, म्हणजे ७४. तो असायला हवा पंचवीस-तीसच्या आसपास! भोक एवढं मोठं की दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ एकसारखे झालेले. उलट वेग ४ मीटर असता, तर फरक ६४ आणि उजवा दाब फक्त २६. म्हणजे लहान भोक, चिंता कमी. नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी जोरात उडतं, तसंच. इथे मोठा आकडा ही चांगली बातमी आणि लहान आकडा म्हणजे घाई करा.

मी मावशींना एवढंच म्हटलं, "कमी म्हणजे बरं असं नाही मावशी. तुम्ही या आठवड्यातच मोठ्या डॉक्टरांना दाखवा." निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो. ते एका आकड्यावर कधीच ठरवत नाहीत, वजन, श्वास, फुप्फुसातला दाब असं सगळं बघतात. नातीचं ऑपरेशन सात महिन्यांची असताना झालं. आता ती मेसच्या ओट्याला धरून उभी राहते आणि कणकेचा गोळा पळवते.

पण मावशींनी तपासणीच्या रांगेतली दुसरीही गोष्ट सांगितली. शेजारच्या बाकावर एक शाळकरी मुलगा होता, ओठ निळसर, बोटांची टोकं फुगलेली. त्यालाही तसंच भोक, पण कुणाच्या वेळेत लक्षातच आलं नव्हतं. वर्षानुवर्षं जास्त दाबाचं रक्त गेल्याने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. मग उजवीकडचा दाब डावीकडच्यापेक्षा वाढतो आणि प्रवाह उलटा फिरतो. याला आयझेनमेंगर म्हणतात. या टप्प्यावर भोक बंद करता येत नाही, कारण तेच आता सेफ्टी व्हॉल्व्ह झालेलं असतं. औषधं देतात, पण दुरुस्तीची वेळ गेलेली असते. "त्याची आई माझ्या नातीकडे बघत होती," मावशी म्हणाल्या. पुढे त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

प्रत्येक दोषाची वेगळी डेडलाइन

बालहृदयरोगतज्ज्ञांचं खरं कसब मला इथे दिसतं. त्यांना दोष ओळखायचा असतोच, पण त्याची वेळही ओळखायची असते. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बंद होतात, तिथे थांबणं हाच उपचार. मोठं भोक असेल तर पहिल्या वर्षातच, बहुतेकदा काही महिन्यांतच बंद करावं लागतं. दोन कर्णिकांमधलं भोक असेल तर मूल शाळेत जाण्याच्या वयापर्यंत सहसा थांबता येतं. आणि दोन महारोहिण्यांची अदलाबदल झालेली असेल तर हातात जेमतेम काही आठवडे असतात. डावी जवनिका फक्त फुप्फुसांना रक्त पुरवत राहिली तर तिची ताकद कमी होते आणि नंतर तिला शरीराचा भार पेलत नाही. ही अदलाबदल सरळ करणारी शस्त्रक्रिया ब्राझीलच्या डॉ. जातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केली.

आपल्या सबमिशनची तारीख पुढे ढकलता येते. इथे नाही.

हे डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात माहीत आहे? इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच, मग बालरोगात एमडीची तीन, मग हृदयरोगातलं आणखी दोन-तीन वर्षांचं प्रशिक्षण. सर्जनची वाट वेगळी: एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, तीन वर्षं एमसीएच, आणि त्यानंतर लहान मुलांवर हात बसायला आणखी काही वर्षं. शिवाय हे एकट्यादुकट्याचं काम नाही. भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि सिस्टर, इको करणारे, आणि ज्यांचं नाव पेपरात कधीच येत नाही ते परफ्युजनिस्ट, म्हणजे हृदय थांबवलेलं असताना हार्ट-लंग मशीन चालवणारे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असतं साधारण अडीचशे मिलिलिटर. मशीनच्या नळ्या भरायलाच त्याच्याशी तुलना होईल एवढा द्रव लागतो. एकेक मिलिलिटरचा हिशेब!

डॉक्टर आणि त्यांचे शेजारी

हा इतिहास वाचताना मला सगळ्यात आवडलं ते हे, की प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांच्या शेजारी कुणीतरी डॉक्टर नसलेला माणूस उभा आहे.

१९४४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. हेलन टॉसिग निळ्या बाळांवर काम करत होत्या. त्यांची श्रवणशक्ती गेली होती. त्या बोटांनी मुलांच्या छातीचे ठोके जाणून घेत. फुप्फुसाकडची वाट अरुंद आहे तर दुसरा पाइप जोडून रक्त न्यावं, ही कल्पना त्यांची. सर्जन होते आल्फ्रेड ब्लेलॉक. आणि प्रयोगशाळेत सुमारे दोनशे कुत्र्यांवर ही जोडणी करून बघणारा होता व्हिव्हियन थॉमस, सुतारकाम शिकलेला कृष्णवर्णीय तरुण. बँक बुडून त्याची कॉलेजसाठी साठवलेली पुंजी गेली होती. हॉस्पिटलच्या कागदोपत्री त्याचा हुद्दा आणि पगार सफाई कामगाराचा. २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा तो ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून सूचना देत होता. ती पहिली मुलगी फार काळ जगली नाही, पण मार्ग उघडला. थॉमसला त्याच विद्यापीठाने १९७६ मध्ये मानद डॉक्टरेट दिली, तब्बल ३२ वर्षांनी. टॉसिग यांच्या हाताखाली पुढे दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती आणि वेल्लोरच्या डॉ. कमला वैथिलिंगम शिकून आल्या आणि भारतात हृदयरोगाची शाखा उभी करणाऱ्यांत गणल्या गेल्या.

इको कुठून आला? १९५३ मध्ये स्वीडनमध्ये डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी एका जहाज कारखान्यातलं अल्ट्रासॉनिक यंत्र वीकेंडपुरतं मागून आणलं आणि ते छातीवर लावून बघितलं. धातूमधले दोष शोधायचं यंत्र! आपण एनडीटीमध्ये शिकतो तीच पद्धत.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी रुसू नये. १९५७ मध्ये मिनियापोलिसमध्ये डॉ. लिलेहाय मुलांच्या हृदयातली भोकं शिवत होते. काही मुलांच्या हृदयाचे ठोके शस्त्रक्रियेनंतर मंदावत, म्हणून त्यांना भिंतीतल्या प्लगवर चालणारा पेसमेकर लावलेला असे. ऑक्टोबरअखेर शहरात वीज गेली. तेव्हा लिलेहाय यांनी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन या इंजिनिअरला बॅटरीवर चालणारं काही करायला सांगितलं. त्याने एका मासिकात छापलेलं ट्रान्झिस्टर मेट्रोनोमचं सर्किट घेतलं, थोडं बदललं आणि काही आठवड्यांत खिशात मावणारा पेसमेकर तयार केला. त्याची कंपनी मेडट्रॉनिक एका गॅरेजमध्ये सुरू झाली होती.

मटेरियल सायन्सही आहेच. आज कर्णिकांमधली कित्येक भोकं छाती न उघडता बंद करतात. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी आत नेतात आणि छत्रीसारखी जाळी भोकात उघडतात. जाळी नायटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमची. दाबून नळीत भरा, बाहेर काढा, पुन्हा मूळ आकारात! आणि बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरने मांडलेल्या कल्पनेवर चालतो. कोरोनात तो घरोघरी पोचला. तोच नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला लावला तर हृदयाचे काही गंभीर दोष घरी जायच्या आधीच पकडता येतात. ऑक्सिजन ९५ टक्क्यांपेक्षा कमी किंवा हात-पायांत तीनपेक्षा जास्त फरक दिसला, तर पुन्हा तपासतात. ९० च्या खाली असेल तर थांबतच नाहीत.

पनवेलकरांनी लक्षात ठेवायचं

पूर्वी रायगडातल्या माणसाला अशा मुलासाठी परळ गाठावं लागे: केईएम, नाहीतर १९२९ पासून मुलांसाठीच चालणारं वाडिया. ती मोठी केंद्रं आजही आहेतच. पण आता आपल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीतच, हार्बर लाइनवर तीन स्टेशनं पुढे, खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे फक्त मुलांच्या हृदयाचं हॉस्पिटल आहे. तिथे तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत होतात. सुनील गावसकरांनी २०२० साली ७१व्या वाढदिवसाला इथल्या ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलायचं जाहीर केलं. ३५च का? कसोटीत ३४ शतकं आणि वनडेत एक!

अंगणवाडीत आलेलं ते पथक म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच राज्यातल्या पालघरमधून झाली. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जातं, आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. पुढच्या खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. म्हणजे डॉक्टर आहेत, हॉस्पिटल आहे, योजना आहे. तुटते ती मधली एकच कडी: दूध पिताना घामाघूम होणारं बाळ बघून "हे साधं नाही" असं म्हणणारं माणूस.

ते माणूस व्हायला डिग्री लागत नाही. आपण सुट्टीत गावी जातो, वाडीवस्तीवर एनएसएसचे कॅम्प करतो. तिथे बाळाच्या आईला दोन प्रश्न विचारा: दूध पिताना दमतं का? वजन वाढतंय का? शंका आली तर आशाताईंना सांगा, इको करायला सांगा. आणि आपल्या कॉलेजच्या रक्तदान शिबिरात फक्त बिस्किट-फ्रूटीसाठी येणाऱ्यांनी एवढा हिशेब करा: तुमची एक पिशवी ३५० मिलिलिटरची. नवजात बाळाच्या अंगातलं सगळं रक्त त्याहून कमी असतं.

शिबिराची नोटीस मेसच्या दाराजवळ लागते. यावेळी वाचून नुसतं पुढे जाऊ नका, नाव लिहा.